संगणक बदलताना किल्ल्यांचे काय?

(सिनेगॉगच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हापासून आपल्या घरोघरी जुने संगणक बदलण्याची चर्चा सुरू आहे. कोणाला मुलाने नवा संगणक आणून दिला आहे, कोणी सणानंतर घेणार आहे. नवे यंत्र घरी आले की आपण छायाचित्रे हलवतो, कागदपत्रे हलवतो, नातवंडांची गाणी हलवतो. मात्र एक वस्तू हलवायची राहून जाते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ती वस्तू म्हणजे ब्राउझरने इतकी वर्षे आपल्यासाठी जपून ठेवलेले पासवर्ड. आज मला त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

हे पासवर्ड तेथे साठले कसे, ते आधी आठवून पाहा. कुपात खोलीमच्या संकेतस्थळावर आपण पहिल्यांदा गेलो, पासवर्ड लिहिला, आणि कोपऱ्यात एक लहानशी चौकट उघडली: हा पासवर्ड जतन करू का? आपण होकार दिला. मग बितुआख लेउमी आले, विजेचे बिल आले, मुंबईच्या बँकेतले खाते आले, टपाल आले. प्रत्येक वेळी होकार. दहा वर्षे लोटली. आता पान उघडले की जागा आपोआप भरते, ठिपक्यांची एक ओळ दिसते आणि आपण आत जातो. आपल्याला वाटते, पासवर्ड आपल्याला पाठ आहे. वस्तुतः तो यंत्राला पाठ आहे. आपल्याला केवळ बटण दाबणे पाठ आहे.

म्हणून आज मी तीनच गोष्टी सांगणार आहे. पहिली, पेटी आणि तिची किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरी, सामान हलवायचे ते जुने घर उभे असताना हलवावे. तिसरी, घरातल्या किल्ल्या एकाच माणसाच्या कंबरेला असू नयेत.

पासवर्डला मराठीत फार सुंदर नाव आहे: परवलीचा शब्द. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला अडवतो आणि ठरलेला शब्द विचारतो. असा शब्द विचारल्याचा आपल्याला सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यार्देनेच्या उताराशी गिलादी लोक प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत, आणि एफ्राईमच्या माणसाची जीभ ‘श’च्या जागी ‘स’ म्हणे. नीट पाहिले तर त्या शब्दात गुपित काहीच नव्हते. शब्द दोन्ही बाजूंना माहीत होता. परीक्षा होती ती जिभेची. आज आपण फोनवर बोट टेकवतो किंवा चेहरा दाखवतो, ती पद्धत शिब्बोलेथच्या जातीची आहे. तेथे माणूसच किल्ली असतो, आणि माणूस गेला की किल्लीही जाते. पासवर्डचे तसे नाही. तो शब्द आहे, आणि शब्द एकाने दुसऱ्याच्या हाती देता येतो. हा त्याचा दोष मानला जातो. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने हाच त्याचा गुणही आहे. द्यायचा मात्र वेळेवर आणि जपून.

आता पेटी आणि किल्लीकडे वळतो.

फायरफॉक्स हा ब्राउझर आपले पासवर्ड एका फाइलमध्ये कुलूपबंद करून ठेवतो. त्या फाइलचे नाव लॉगिन्स डॉट जेसन. ते कुलूप उघडणारी किल्ली शेजारच्याच दुसऱ्या फाइलमध्ये असते. तिचे नाव की फोर डॉट डीबी. या दोन्ही फाइली ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतात. कित्येक जण पहिली फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जातात आणि नव्या संगणकावर काहीच उमटत नाही म्हणून खिन्न होतात. पेटी नेली आणि किल्ली मागे राहिली, दुसरे काही नाही. दोन्ही बरोबर नेल्या तर पासवर्ड नव्या जागी उघडतात. याच कारणामुळे तो फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्यालाही ते उघडता येतात. त्यावर उपाय म्हणून फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावण्याची सोय आहे. किल्लीच्या पेटीला आणखी एक कुलूप, असे समजा. पण हा प्रायमरी पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवण्याचा मार्ग नाही. तो काढून टाकता येतो, मात्र त्याबरोबर साठवलेले सर्व पासवर्डही पुसले जातात.

क्रोम आणि एज यांची रीत निराळी आहे. त्यांची पेटी ब्राउझरच्या फोल्डरमध्ये असते, पण किल्ली विंडोजच्या ताब्यात असते आणि ती तुमच्या विंडोजमधील खात्याशी बांधलेली असते. मॅक संगणकावर ती ‘कीचेन’मध्ये असते. त्यामुळे क्रोमचा अख्खा फोल्डर उचलून नव्या यंत्रावर नेला तरी पासवर्ड उघडत नाहीत. चोराच्या दृष्टीने ही अडचण आहे आणि ती चांगलीच आहे. पण सावध नसलेल्या मालकालाही ती तितकीच नडते. येथे एक इशारा देतो. विंडोजच्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही म्हणून कोणी जाणकार दुसऱ्या प्रशासक खात्यातून तो जबरदस्तीने बदलतो. संगणकावरच्या स्थानिक खात्यात असे केले तर साठवलेले पासवर्ड गमावतील, अशी सूचना विंडोज स्वतः पडद्यावर देते. ती सूचना न वाचता ‘पुढे’ हे बटण दाबू नका. जुना पासवर्ड देऊन नवा ठेवला तर हा धोका नसतो.

क्रोममध्ये तुम्ही आपल्या गूगल खात्याने प्रवेश केलेला असेल आणि पासवर्ड त्या खात्यात साठत असतील, तर काम पुष्कळ सोपे आहे. नव्या संगणकावर त्याच खात्याने आत गेलात की पासवर्ड तेथे हजर होतात. फायरफॉक्सची ‘सिंक’ ही सोय आणि ॲपलची आयक्लाउड कीचेन हेही असेच काम करतात. परंतु पासवर्ड खात्यात जात होते की केवळ त्या एका संगणकात राहत होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ते जुना संगणक चालू असतानाच पाहून घ्यावे. फोनवर त्याच खात्याने तीच यादी दिसते का, एवढे तपासले तरी पुरे.

खात्यावर विसंबायचे नसेल तर यादी आपल्या हाताने हलवता येते. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके उघडावेत, तेथून ‘गूगल पासवर्ड मॅनेजर’मध्ये जावे आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ निवडावे. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूत ‘पासवर्ड्स’ असते. त्या पानावरच्या तीन ठिपक्यांत हीच सोय आहे. मॅकवर २०२४ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचे स्वतंत्र ॲप आहे आणि त्याच्या फाइल मेनूतून यादी काढता येते. यंत्र आधी तुमचा संगणकाचा पासवर्ड किंवा पिन विचारते आणि मग एक सीएसव्ही फाइल तयार करते. ती नव्या संगणकावर नेऊन तेथल्या ब्राउझरला ‘इम्पोर्ट’ म्हणून द्यायची, की झाले.

मात्र या फाइलविषयी चार पथ्ये पाळावीत. या फाइलला कुलूप नसते. तिच्यात प्रत्येक संकेतस्थळ, तुमचे नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत, ओळीने लिहिलेले असतात. तेव्हा ती व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवू नये, ई-मेलने स्वतःला पाठवू नये. पेन ड्राइव्हवर हातोहात न्यावी. दुसरे, ती एक्सेलमध्ये उघडून जतन करू नये. शून्याने सुरू होणारा, केवळ आकड्यांचा पासवर्ड असेल तर एक्सेल त्याला संख्या समजते आणि पुढचे शून्य गाळून टाकते. हिब्रू किंवा देवनागरी अक्षरे असतील तर त्यांचा कधीकधी चुराडा होतो. मग आपण म्हणतो, पासवर्ड चुकीचे आले. तिसरे, यादी नव्या यंत्रात आल्यावर चार-पाच संकेतस्थळांवर प्रत्यक्ष आत जाऊन पाहावे. चौथे, खात्री पटताच ती फाइल दोन्ही संगणकांवरून आणि पेन ड्राइव्हवरून पुसावी आणि कचरापेटीही रिकामी करावी.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. हल्ली काही संकेतस्थळे पासवर्डऐवजी ‘पासकी’ देतात. त्या या सीएसव्ही फाइलमधून येत नाहीत. पासकी असलेल्या ठिकाणी जुने यंत्र हातचे जाण्यापूर्वी नव्या यंत्रावर दुसरी पासकी तयार करून ठेवावी.

हे झाले जुना संगणक चालू असेल त्यांच्यासाठी. पण तो बंद पडला असेल, किंवा पासवर्ड अचानक नाहीसे झाले असतील, तर काय करावे? सर्वांत आधी, घाबरून काही पुसू नये. पुष्कळदा पासवर्ड गेलेले नसतात. आपणच चुकीच्या खोलीत उभे असतो. क्रोमच्या कोपऱ्यात एक लहान गोल चित्र असते, त्यावरून कोणते प्रोफाइल उघडले आहे ते कळते. नातवाने स्वतःचे प्रोफाइल उघडून ठेवले असेल तर त्याची खोली उघडेल, तुमची नाही. फायरफॉक्स पुन्हा बसवला की तो कधीकधी नवे प्रोफाइल तयार करतो. जुने तेथेच पडून असते आणि ते पुन्हा निवडता येते. ‘रिफ्रेश’ केले असेल तर डेस्कटॉपवर जुन्या माहितीचा एक फोल्डर ठेवलेला आढळतो.

संगणक मुळातच सुरू होत नसेल तर ध्यानात ठेवा की यंत्र बिघडले म्हणजे हार्ड डिस्क बिघडली असे नव्हे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि फायरफॉक्सचे प्रोफाइल त्यातून उचलता येते. क्रोमसाठी मात्र ते विंडोज त्याच खात्यासह पुन्हा सुरू करणे हाच सरळ मार्ग असतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकांची एक किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. दुरुस्तीच्या दुकानात संगणक देताना पहिले वाक्य हेच असावे: मला विचारल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करू नका. आणि ‘हरवलेले पासवर्ड क्षणात परत मिळवा’ असे सांगणारे फुकटचे प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवू नका. त्यांतले कित्येक पासवर्ड खरोखरच शोधून काढतात, पण तुमच्यासाठी नव्हे. जो प्रोग्रॅम तुमची पेटी तुमच्या पिनशिवाय उघडतो, तो ती कोणासाठी उघडतो आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आता आपल्या या देशातली एक खास अडचण. आपल्या कीबोर्डवर एकाच कळेवर इंग्रजी आणि हिब्रू अशी दोन अक्षरे छापलेली असतात. कळफलक हिब्रूत राहिला आणि ठिपक्यांमुळे ते दिसले नाही, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. म्हणून ‘विसरलो’ म्हणण्याआधी कळफलकाची भाषा पाहावी. याची दुसरी बाजूही आहे. येथे पुष्कळ लोक इंग्रजी कळफलक ठेवून हिब्रू शब्दाच्या कळा दाबतात. ‘शालोम’ या शब्दाच्या कळा दाबल्या तर पडद्यावर ए, के, यू, ओ ही अक्षरे उमटतात. असा पासवर्ड बोटांना ठाऊक असतो, डोक्याला नसतो. फोनवर किंवा भारतात गेल्यावर तेथल्या संगणकावर तो टाकायची वेळ आली की माणूस अडतो. तुमचा पासवर्ड असा असेल तर ब्राउझरमधल्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारा आणि उमटणारी अक्षरे एकदा कागदावर लिहून घ्या.

बंधुभगिनींनो, येथवर यंत्राचे बोललो. आता माणसाचे बोलतो.

आपल्याच समाजातील एका भगिनीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. यजमान अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. सगळी बिले, सगळे अर्ज, भारतातले बँकखाते, सारे संगणकावरून तेच पाहत. ते गेले. काही आठवड्यांनी संगणक सुरू होईना. एका दुकानदाराने त्यात नव्याने विंडोज बसवले आणि सांगितले, अगदी नव्यासारखा झाला. तो खरोखरच नव्यासारखा झाला होता. आत काहीच उरले नव्हते. छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर होती, ती वाचली. पासवर्ड वाचले नाहीत. त्या बाईंचे हिब्रू बेताचे. मुलगी रजा काढून बरोबर जाई, तेव्हा एकेका कार्यालयात काम होई. भारतातल्या बँकेचा ओटीपी यजमानांच्या भारतीय मोबाइल क्रमांकावर जाई, आणि तो क्रमांक रिचार्ज न केल्यामुळे बंद झालेला. महिने गेले, पण पैशांची कामे शेवटी मार्गी लागली. यजमानांचे टपाल मात्र उघडले नाही. त्यात भावंडांशी झालेला अनेक वर्षांचा पत्रव्यवहार होता. त्या मला म्हणाल्या, “पैसे मिळाले हो. पण त्यांनी माझ्याबद्दल त्यांच्या बहिणीला काय लिहिलं होतं, ते आता मला कधी कळायचं नाही.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

मोठ्या कंपन्यांनी या प्रसंगासाठी काही सोयी केल्या आहेत, त्या वापराव्यात. गूगलमध्ये २०१३ पासून अशी व्यवस्था आहे की आपले खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसांना आपण ठरवलेली माहिती मिळावी. २०२१च्या अखेरीस ॲपलने ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय आणली. मात्र दोन मर्यादा ओळखून असा. या गोष्टी माणूस हयात असताना स्वतः त्यालाच कराव्या लागतात, आणि कीचेनमधले पासवर्ड लेगसी कॉन्टॅक्टलाही मिळत नाहीत. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते. तेव्हा दुःखात दिवस गेले म्हणून काळ आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून कागदाचा जुना उपाय मला अजूनही उत्तम वाटतो. शंभर पासवर्ड लिहायचे नाहीत, चार लिहायचे. संगणकात शिरण्याचा, फोन उघडण्याचा, मुख्य ई-मेल खात्याचा, आणि फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्ड असेल तर तो. बाकीचे सारे या चारांच्या आधाराने मिळतात. त्याच कागदावर ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर येतो ते लिहावे आणि भारतातला क्रमांक चालू ठेवावा. कागद पाकिटात घालून, पाकीट बंद करून, जेथे घराचे दस्तऐवज ठेवता तेथे ठेवावे. पाकीट कोठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला सांगावे. पासवर्ड बदलला की कागद बदलावा.

काही जण म्हणतील, नवराबायकोतही काही खासगी असू नये का? असावे. हयात माणसाचे टपाल त्याच्या परवानगीशिवाय उघडणे मला मान्य नाही, आणि ब्राउझरमधले दुसऱ्याचे पासवर्ड हळूच पाहणे ही चोरीच आहे. म्हणून तर पाकीट बंद असते. पाकीट देणे म्हणजे आजच वाच असे सांगणे नव्हे. वेळ आली तर तू अडू नयेस, एवढेच सांगणे आहे. तसेच पासवर्ड हाती आहे म्हणून मृताच्या खात्यातून परस्पर पैसे काढू नयेत. त्याला वारसाची कायदेशीर रीत आहे आणि तिनेच जावे. पासवर्डमुळे कळते ते इतकेच, की कोठे काय आहे आणि कोणाचे दार ठोठवायचे.

कोकणातल्या आपल्या घरांत सासूबाई एके दिवशी कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून सुनेच्या हाती देत. ते करताना त्या अंथरुणाला खिळलेल्या नसत, चालत्याबोलत्या असत. कोणती किल्ली कोणत्या फडताळाची, कोणते कुलूप थोडे दाबून उघडायचे, हे शेजारी उभे राहून दाखवत. त्यात हार मानणे नव्हते, घर पुढे चालावे ही काळजी होती. आज फडताळे बदलली आहेत, इतकेच.

माझी विनंती लहान आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी संगणकापुढे दोघांनी बसावे, एकट्याने नव्हे. यादी उघडून पाहावी. नको असलेल्या जुन्या नोंदी काढाव्यात. पाकीट तयार करावे. ज्यांचा संगणक बदलायचा आहे त्यांनी यादी आधी हलवावी, नव्या यंत्रावर पंधरा दिवस काम करून पाहावे, आणि मगच जुना पुसून कोणाला द्यावा. पुसल्याशिवाय मात्र देऊ नये. ज्यांना हे एकट्याने जमणार नाही त्यांनी संकोच न करता सांगावे. आपल्यातली तरुण मंडळी बरोबर बसतील. परंतु पिन टाकताना त्यांनीही मान दुसरीकडे वळवावी, आणि तुम्हीही त्यांना ती वळवायला सांगावी.